हरिबाची हाळी

खडकवाडीच्या हरिबाचा आवाज चांगला की वाईट, यावर गावात कधी वाद झाला नाही. तो मोठा होता, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. घरात त्याने बायकोकडे मीठ मागितलं की शेजारीण दचकून आपल्याच आमटीत मुठीने मीठ टाकायची. लग्नात अंतरपाटाआड उभा असताना तो नुसता खाकरला आणि भटजी मंगलाष्टक विसरले, असं सोनाबाई, म्हणजे त्याची बायको, येईल त्याला हसत सांगायची. असा आवाज देवाने कशासाठी दिला हे देवालाच माहीत. पण दगडाच्या खाणीला मात्र असाच माणूस हवा होता.

सोलापूर त्या वर्षांत अंगात आल्यासारखं वाढत होतं. गिरण्यांच्या भोवती चाळी उठत होत्या, नवी पेठेत माडीवर माडी चढत होती, रस्त्यांना खडी लागत होती. ही खडी काही शहरात उगवत नाही. ती खडकवाडीसारख्या गावांतून बैलगाड्या भरभरून जायची, आणि गाडीगणिक गावाचा एकेक तुकडा शहरात जाऊन बसायचा.

खडकवाडीच्या पूर्वेला एक टेकडी होती. बैलाच्या पाठीवर वशिंड असावं तशी एकटीच वर आलेली, म्हणून तिचं नावच वशिंड. ठेकेदाराने तिच्या अलीकडच्या अंगाला खाण घातली तेव्हा हरिबाला मिसरूडही फुटलं नव्हतं. आधी टेकडी वरून खाल्ली, मग मधून खाल्ली, मग जमिनीखाली शिरले. जिथे पूर्वी शेरडं चढायची तिथे आता विहीर लाजेल असा खड्डा झाला होता आणि त्याच्या तळाला हिरवं पाणी साठलं होतं. वारं सुटलं की दगडाची पांढरी भुकटी गावभर बसायची. माणसं, म्हशी, मारुतीचं देऊळ, सगळी एकाच घरची वाटायची. हरिबाची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण त्याची चूल त्याच दगडावर पेटत होती. तरी कधीमधी संध्याकाळी टेकडीकडे पाहिलं की ती आपल्याकडे पाठ फिरवून बसली आहे असं त्याला वाटायचं आणि उगाच अपराधी वाटायचं.

हरिबाचं काम मोठं मानाचं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुरुंग लावणारा मैनुद्दीन दगडात पाडलेल्या भोकांतून दारू ठासायचा. याला खाणीवाले बार म्हणायचे. बार भरून झाला की हरिबाने उंच धोंड्यावर चढायचं, लाल फडकं हलवायचं आणि हाळी द्यायची: "बाऽऽर होऽऽ! बाऽऽर होऽऽ!" ती ऐकली की खडी फोडणाऱ्या बाया, गाडीवान, बैल, कुत्री, सगळी गावाच्या बाजूला पळत सुटायची. मग मैनुद्दीन वात पेटवून आडोशाला यायचा आणि टेकडीचा आणखी एक घास खाली यायचा. इतक्या वर्षांत एका माणसाच्या नखालाही दगड लागला नव्हता. त्याचं श्रेय हरिबा स्वतःच्या नरड्याला देई, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचंही नव्हतं.

मग तो दिवस आला. बार उडाला, धूळ बसली आणि टेकडीच्या मधोमध खिंड पडलेली दिसली. खिंडीतून आभाळ दिसत होतं, आभाळाखाली एक देऊळ, चिंचेची झाडं, जोंधळ्याची शेतं आणि एक गोधडी वाळत घालणारी बाई. ती बाई हात वरच ठेवून इकडे बघत राहिली. इकडचे तिकडे बघत राहिले.

"आयला, हे गाव कुठनं आलं?" हरिबा म्हणाला.

"हुणसीहाळ ते," रावजी मुकादम म्हणाला. खाणीवरचा सगळा कारभार त्याच्या हाती होता. "कानडी लोक हायत. पहिल्यापास्नं तितंच हायत की."

पहिल्यापासून तिथेच होते, पण मध्ये वशिंड होतं. गाडीवाट टेकडीला वळसा घालून जायची, त्यामुळे इकडचा कुणी तिकडे जात नसे. खडकवाडी बाजाराला सोलापूर धरायची, हुणसीहाळ अक्कलकोट धरायचं. इकडचं मराठी टेकडीच्या या अंगाला आपटून परत यायचं आणि तिकडचं कानडी त्या अंगाला. आता आडवं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीप्रमाणे बार भरला. हरिबा धोंड्यावर चढला, फडकं हलवलं आणि छाती भरून हाळी दिली. "बाऽऽर होऽऽ!" आपली माणसं गावाकडे पळाली. मैनुद्दीनने वात पेटवली आणि आडोशाला येऊन बसला. आणि खिंडीत एक म्हातारा दिसला. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका, हातात छत्री, काखेत मडकं. त्याच्या मागे कालची गोधडीवाली बाई. तिच्या मागे आणखी पाचसहा माणसं आणि काही शेरडं. सगळी हसत हसत भराभर खाणीकडेच येत होती.

हरिबा बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाऽऽर होऽऽ! बाऽऽर होऽऽ!"

म्हाताऱ्याने छत्री उंच करून हलवली आणि पळायलाच लागला. खाणीच्या दिशेने.

"ए हरिबा, मुँह बंद कर रे!" मैनुद्दीन किंचाळला. "तू चिल्लाया तो और आरे वो लोगां!"

तेवढ्यात बार उडाला. जमीन हलली, दगड आभाळात गेले, आणि त्यातला एक नारळाएवढा दगड खिंडीवरून भिरभिरत जाऊन म्हाताऱ्याच्या काखेतल्या मडक्यावर पडला. हरिबाने डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हातारा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन उभा होता. मडक्यात दही होतं.

हरिबा धावत तिथवर पोचला. म्हातारा रागाने लाल झाला होता; म्हणजे दह्यातून दिसत होता तेवढा.

"काय रीत हाय ही?" तो तोडक्यामोडक्या मराठीत गरजला. "बोलवूलालाव बोलवूलालाव म्हणून आलो, आनि दगड मारता?"

"बोलावलं? कुणी बोलावलं?"

"तू की! बारो, बारो म्हणून ओरडूलालास. लाल निशाणबी हलवलास. आमाला वाटलं जत्रा हाय."

गोधडीवाली बाई त्याच्या मिशीतलं दही पदराने पुसत होती. तिचं नाव दानम्मा, म्हाताऱ्याचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, बसप्पा. दानम्माची आई मराठी मुलखातली, त्यामुळे तिला दोन्ही भाषा येत. तिने हरिबाकडे पाहिलं, खिंडीकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं ते सांगताना तिला हसू आवरेना. "तम्मा, धाकटा भाऊच तू माझा, आमच्यात बारो म्हंजे ये. ये रे बाबा, ये! तू जितका जोरात ओरडलास, तितके आमी जोरात आलो."

हरिबा हसला नाही. इतकी वर्षं ज्या शब्दाने त्याने माणसं वाचवली, तोच शब्द टेकडीच्या पलीकडे जाऊन माणसांना मरणाच्या दारात बोलावत होता, आणि ते बोलावणं त्याच्या आवाजात होतं. टेकडी होती तोवर शब्दाला कुंपण होतं. ते कुंपण त्यांनीच फोडून गाडीत भरलं होतं.

रावजी मुकादमाने त्याला बाजूला घेतलं. "संक्रांत झाली की सोमवारी मोठा बार हाय. टेकडीचा उरलेला उजवा खांदा एकदमच पाडायचा. त्या टायमाला खिंडीत एक माणूस जरी घावला, हरिबा, तर मी तुला हितनं हाकलीन ते येगळंच. पर तू सोताला कुटं हाकलशील?"

हे बोलणं हरिबाच्या काळजात रुतलं. घरी त्याने भाकरी चिवडली आणि ताट सरकवलं.

"जेवा की," सोनाबाई म्हणाली. "दहीच सांडलं न्हवं? माणूस तर न्हाय."

"पुढल्या टायमाला माणूस सांडंल, सोने."

"मग हितं बसून भाकरीला काय बघूलालाव? जावा त्यांच्याकडं. दुसरा शब्द ठरवा. शब्दांचा काय दुष्काळ पडलाय व्हय?"

तेव्हा सोनाबाईला वाटत होतं तितकं ते सोपं नव्हतं.

हरिबा, रावजी आणि मैनुद्दीन गाडीवाटेने वळसा घालून हुणसीहाळला गेले. देवळाच्या कट्ट्यावर गाव जमलं. बसप्पाचा राग उतरला होता; पाहुणे घरी आल्यावर राग धरायचा हे त्याच्या रक्तातच नव्हतं. दानम्माने शेतातून हुरडा भाजून आणला, वर शेंगाची चटणी, आणि खाऊन होईस्तोवर कुणाला कामाचं बोलू दिलं नाही. मग तिने आधी आपलं गाऱ्हाणं घातलं. देवळामागच्या विहिरीपाशी नेऊन तिने त्यांना आत वाकायला लावलं. पाणी कुठल्या कुठे खाली गेलं होतं.

"तुमचा खड्डा खाली गेला, आमचं पाणीबी खाली गेलं," ती म्हणाली. "परवा खड्ड्याच्या कडेवरनं वासरू आत पडलं. टेकडी होती तवर दगड तितंच पडायचे, आता शेतात येतात. आनि तुमी आमाला नुसता शब्द शिकवायला आलाव?"

रावजीने मान खाली घातली. हा त्याला मोठाच धक्का असावा, कारण मुकादमाची मान त्या अंगाने वळते हे कुणी पाहिलं नव्हतं. खड्ड्याच्या कडेने वाया गेलेल्या दगडांचा बांध घालून देतो आणि खड्ड्यात साठलेलं पाणी रोज मोटेने उपसून तुमच्या विहिरीच्या पाटात सोडतो, असं त्याने देवळासमोर कबूल केलं. मग शब्दाचा विषय निघाला.

पहिली सूचना सरळ होती. बार म्हणजे सुरुंग, हे हुणसीहाळाने ध्यानात ठेवावं, म्हणजे मिटलं. सगळ्यांनी माना हलवल्या. आता कितीही ओरडा, आम्ही हलणार नाही, असं बसप्पाने छातीवर हात ठेवून सांगितलं. इतक्यात समोरच्या घरातून दानम्माने कुणा पोराला हाक मारली, "बारोऽ!" आणि सबंध कट्टा उठून उभा राहिला. बसप्पा सगळ्यात आधी.

"हे बघा, पाय ऐकतात," बसप्पा ओशाळून म्हणाला. "डोकं मागनं ऐकतंय."

मग हरिबा म्हणाला, "पळाऽ असं ओरडतो."

"पल्या?" बसप्पाचा चेहरा उजळला. "पल्या म्हंजे भाजी. भाजी वाटूलालाव असं वाटंल सगळ्यांना."

"मग तुमच्यात पळा कसं म्हणत्यात?"

"ओड्री."

"ओढ री?" रावजीने कपाळावर हात मारला. "आमची माणसं दोर हुडकत बसतील की ओढायला."

मैनुद्दीनने आपल्या भाषेतला पर्याय पुढे केला, "भागो बोल. सब समजते." तो खडकवाडीला समजला असता हे खरं, पण गावात भागूबाई ढिगाने होत्या आणि त्या सगळ्या खाणीवरच खडी फोडायला येत. भागोऽ म्हटलं की काय वं, कोण बोलावतंय, म्हणून त्या उलट्या वळल्या असत्या.

हरिबा घायकुतीला आला. शेवटी जीव मुठीत धरून म्हणाला, "रागावू नगासा, पर कुत्र्याला हाकलतात तसं हाड म्हटलं तर? हाड म्हटलं की कुणीबी लांब जातंय."

मग एका कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या गुरप्पाने घसा साफ केला आणि डोळे मिटून चक्क भजन सुरू केलं.

"ह्येला काय झालं?" रावजीने विचारलं.

दानम्मा पोट धरून हसत होती. "हाडु म्हंजे गा! गाणं म्हण! तुमी हाड म्हटलाव, ते गायला लागलं."

गुरप्पाला मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं, म्हणून सगळ्यांनी भजन पुरं ऐकलं. मग शब्द सोडून आवाजांवर आले. घंटा वाजवावी, तर लोक आरतीला येणार. हलगी वाजवावी, तर लग्न म्हणून येणार. शिंग फुंकावं, तर पालखी म्हणून येणार. तासभर डोकं खाजवल्यावर ध्यानात आलं की या मुलखात माणसाला जवळ बोलावणारे आवाज हवे तितके आहेत. लांब जा म्हणणारा एकही कुणी करून ठेवलेला नाही. एरवी ही अभिमानाची गोष्ट म्हणायची. त्या दिवशी हरिबाला ती ऐकून रडू यायचं बाकी राहिलं.

त्याचा पडलेला चेहरा दानम्माला बघवेना. हुरड्याची सुपली उचलता उचलता ती सहज म्हणाली, "तम्मा, तुला बोलवायचीच सवय हाय तर बोलव. पर तितनं कशाला बोलवतोस? हितं येऊन बोलव की."

सगळे हसले. हरिबा हसला नाही. त्याने देवळाच्या कट्ट्याकडे पाहिलं, मग खिंडीकडे, मग पुन्हा कट्ट्याकडे.

"अक्का," तो म्हणाला, "पुन्ना बोला."

आता तुम्हीच बघा. हरिबाने या देवळापाशी उभं राहून हाळी दिली तर हुणसीहाळ ती ऐकून देवळाकडे येणार, म्हणजे खाणीपासून लांब. दगड देवळापर्यंत पोचत नव्हते. आणि तीच हाळी खिंडीतून पलीकडे गेली की खडकवाडीची माणसं नेहमीसारखी गावाकडे पळणार. शब्द तोच, हाळी तीच, आणि दोन्ही गावं आपापल्या अर्थाने वाचणार. चूक शब्दाची नव्हतीच, उभं राहायच्या जागेची होती. रावजीने सुद्धा उठून दानम्माला हात जोडले. ठरलं असं की सगळे जमले की हरिबाने लाल फडकं हलवायचं आणि ते बघूनच मैनुद्दीनने वात लावायची.

सोमवार उजाडला. हरिबा पटका बांधून गाडीवाटेने हुणसीहाळला आला आणि कट्ट्यावर चढला. समोर वशिंडाचा उजवा खांदा उन्हात उभा होता, पाठ न फिरवता. त्याच्याकडे शेवटचं बघून हरिबाने मनातल्या मनात माफी मागितली आणि हाळी दिली.

"बाऽऽर होऽऽ!"

काय सांगावं! शेतांतून, खळ्यांतून, पाणवठ्यावरून माणसं लगबगीने त्याच्याकडे येऊ लागली. बाया कडेवर पोरं घेऊन, म्हातारे काठी टेकत, सगळे हसत. आजवर त्याची हाळी ऐकून त्याला फक्त पाठी दिसल्या होत्या. आज चेहरे दिसत होते. हरिबाने पुन्हा हाळी दिली, जरा गरजेपेक्षा जास्तच वेळा. पलीकडे खडकवाडीची माणसं ठिपक्यांसारखी गावाकडे पळताना दिसली. "आली सगळी?" त्याने विचारलं. बाया म्हणाल्या, आली. पुरुष म्हणाले, आली. हरिबाने फडकं हलवलं. पलीकडे मैनुद्दीन वाकला, उठला आणि आडोशाला पळाला.

"आमचे हे कुटं हायत?" दानम्मा म्हणाली.

बायांना वाटलं होतं बसप्पा पुरुषांत आहे. पुरुषांना वाटलं होतं तो घरात आहे. गुरप्पा म्हणाला, "ते तर पावण्याला आणायला गेलेत. वेशीपस्तोर सामोरं जायचं म्हणूलालते."

हरिबा वळला. खिंडीच्या तोंडाशी छत्री दिसत होती. पाहुणा म्हणजे हरिबा, आणि पाहुण्याला सामोरं जाऊन आणायचं ही बसप्पाची जन्माची रीत. हरिबा गाडीवाटेने येईल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. गेल्या खेपेला हाळी खिंडीतून आली होती, म्हणून तो खिंडीकडे निघाला होता. आणि आताची हाळी? ती त्याच्या पाठीमागून गेली, खाणीच्या उभ्या कड्यावर आपटली आणि समोरून त्याच्या कानात शिरली. बसप्पा ऐकत होता, खूश होत होता आणि पुढे जात होता.

हरिबाने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलं की आवाज कड्यावरून परत येणार, आणि म्हातारा आणखी दोन पावलं आत जाणार. मैनुद्दीनला थांबवायची वेळही गेली होती. वात जळत होती आणि ती लांब ठेवली होती एवढीच देवाची कृपा. सबंध पंचक्रोशीत सगळ्यात मोठा असलेला तो आवाज त्या घडीला कवडीच्या कामाचा नव्हता.

तो कट्ट्यावरून उडी मारून पळत सुटला. जोंधळ्यातून, बांधावरून, ढेकळांतून, दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून. मागून दानम्मा ओरडणार होती, तिच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला. एवढं मोठं गाव, पण कुणी चकार शब्द काढला नाही. हरिबा एकदा ठेचकाळून पालथा पडला, उठला, पुन्हा धावला. पटका कुठे गेला, वहाण कुठे गेली, त्याला कळलं नाही. एकच गोष्ट त्याला कळत होती, की या म्हाताऱ्याला काही झालं तर पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही.

बसप्पाला त्याची चाहूल लागली नाही. हरिबा अगदी मागे पोचला, त्याच्या दंडाला हात लावला आणि धापा टाकत, सोनाबाईनेही कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, बारो."

बसप्पा वळला. "अरे! मागनं आलास?" तो आनंदाने म्हणाला आणि नमस्काराला हात जोडू लागला. हरिबाने त्याला नमस्कार पुरा करू दिला नाही. त्याने म्हाताऱ्याला कवेत घेतलं, शेजारच्या मोठ्या धोंड्याआड लोळण घेतली आणि त्याच्यावर पालथा पडला.

मग वशिंड गेलं. जमीन खालून वर आली, आभाळ काळं झालं, दगड धडाधड चहूकडे पडले. धोंड्याने दोन दणके सोसले, पण तो हलला नाही. बारीक खडी पाठीवर सडसडली. मग धूळच धूळ, आणि सगळं शांत.

धूळ उतरली तेव्हा दोघं उठून बसले. दोघांच्याही भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. समोर टेकडी नव्हती. जिथे जन्मापासून ती पाहिली तिथे उघडं आभाळ होतं आणि आभाळाच्या तळाशी, लांब, सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दिसत होती. बसप्पा बराच वेळ तिकडे बघत राहिला. संध्याकाळची सावली आता कुठून येणार, असं काहीसं तो पुटपुटला असावा. हरिबाला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले. त्याच्या कानांत नुसतं गुंऽऽ वाजत होतं.

आणि तिथेच, खडीत बसल्या बसल्या, हरिबाला रडू फुटलं. भ्यायला वेळ मिळाला नव्हता, तो आता मिळाला. तो लहान पोरासारखा रडत होता आणि म्हातारा त्याच्या पाठीवरची धूळ झटकत होता.

बसप्पाने वाकून आपली छत्री शोधली. तिच्या काड्या राहिल्या होत्या, कापड गेलं होतं. ती त्याने ऐटीत काखेत मारली आणि हरिबाच्या कानाशी तोंड नेऊन, दोघांचे कान गेले आहेत हे ओळखून, जीव खाऊन ओरडला, "ऊटा! ऊटा!"

हरिबाला वाटलं, म्हातारा ऊठ म्हणतोय. तो डोळे पुसून उठला.

बसप्पा खरं तर त्याला जेवायला चल म्हणत होता. कानडीत ऊटा म्हणजे जेवण, आणि दानम्माने सकाळपासून पाहुण्यासाठी पोळ्या लाटून ठेवल्या होत्या. पण हरिबा उठला हे बघून म्हाताऱ्याला वाटलं, कळलं याला. त्याने समाधानाने मान हलवली, हरिबाचा हात धरला आणि दोघं गावाकडे चालू लागले. देवळापासून सगळं गाव धावत त्यांच्याकडे येत होतं आणि ते काय ओरडत होते, कुठल्या भाषेत ओरडत होते, ते दोघांनाही ऐकू येत नव्हतं.